बेरेंडचा एकच फोटो

एन्स्खेडे शहरातल्या झटपट फोटोंच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर हेसिनाने चर्चच्या प्रदर्शनासाठी शेजाऱ्यांचे चेहरे टिपले, प्रत्येकाचा एकच फोटो. तिचा नवरा बेरेंड मात्र कॅमेऱ्यासमोर कधी उभा राहिला नाही. शेवटी एकाच फोटोपुरती फिल्म उरली, तेव्हा तो कुरकुरत अंगणात आला. उमटताना थंडी लागली की फोटो निळा पडतो, म्हणून फोटो कॅमेऱ्यातून बाहेर येताच तिने तो आपल्या कोटाच्या आत छातीशी धरला.

"लग्न झाल्यापासून मला कधी एवढी ऊब दिली नाहीस," म्हणत बेरेंड खदखदून हसला.

"मेल्या, असं आधी हसायला काय झालं होतं?"

फोटोत तो आंबट तोंडाचाच निघाला. हेसिनाने देवाचं नाव घेऊन तो प्रदर्शनाच्या भिंतीवर मधोमध लावला आणि खाली लिहिलं, 'बेरेंड, हसायच्या आधी.'