विमान हवेत असताना

माझा दादा कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर वेगळे. ते माणसाला खुर्चीत बसवून आ करायला लावतात, तोंडाचं माप घेतात आणि ते दादाकडे पाठवून देतात. पुढचं सगळं दादाचं. मापात प्लास्टर ओतायचं, मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यात एकेक दात रोवायचा, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी मसाला भरायचा आणि गरम पाण्यात शिजवायचा. घराची पुढची खोली म्हणजे त्याचा कारखाना. तिथे फळ्यांवर अनोळखी लोकांचे जबडे ओळीने मांडलेले असतात. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा चहा अर्धा टाकूनच उठतो.

माझं लग्न टिकलं नाही आणि दादाचं झालंच नाही, त्यामुळे आम्ही दोघं एका घरात. शाळेत मुलांवर ओरडून ओरडून माझं तोंड फटकळ झालेलं, आणि ते ऐकून घ्यायला नशिबाने दादाच मिळाला. "अख्ख्या गावाला दात दिलेस, तुला मात्र अक्कलदाढ आली नाही," असं मी त्याला म्हणायचे. तो हसायचा. त्याचं बोलणं कमी, आणि जे होतं ते सगळं विमानांबद्दल.

विमानं म्हणजे आपण तिकीट काढून बसतो ती नव्हेत. महायुद्धातली, पुढे पंखा असलेली, लढाऊ विमानं. त्यांचे पंख, त्यांची इंजिनं, कुठलं किती उंचीवर दमायचं, कुणाच्या शेपटीत काय खोट होती. दादा आणि त्याचे तीन मित्र दर रविवारी यावर भांडत. एक बेकरीवाला, एक पोस्टमन आणि तिसरा पेंटर. या चौघांपैकी विमानात पाय ठेवलेला एकही नव्हता. लोक उंटावरून शेळ्या हाकतात, यांनी जन्मभर जमिनीवरून विमानं हाकली.

बैठक पेंटरच्या घरी असायची. खाली त्याची पाट्या रंगवायची खोली, वर राहायची जागा. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, "येथे थुंकू नये" हे सगळं त्याच्या हातचं. धिप्पाड माणूस, आवाज असा की खाली रस्त्यावरच्या माणसाला वरचं भांडण फुकटात ऐकायला मिळे. दादाला तो "बत्तिशी" म्हणायचा. दादा त्याला पेंटरच म्हणायचा, पण त्या शब्दात जेवढी माया होती तेवढी त्याने माझ्या नावातही कधी घातली नाही.

त्या दोघांचं भांडण जुनं होतं. दादाचं विमान स्पिटफायर, पेंटरचं हरिकेन. दोन्ही एकाच लढाईतली, दोन्हींचं इंजिनही एकाच जातीचं. पण स्पिटफायर दिसायला देखणं, पंख असे की कुणीही मान वळवून बघावं. आणि हरिकेनच्या पाठीला पोक, मागचा अर्धा भाग तर चक्क कापडाने मढवलेला. दादा त्याला "कुबडं" म्हणायचा. मग पेंटर उसळायचा. "अरे, शत्रूची जास्त विमानं कुणी पाडली? माझ्या कुबड्यानं! काम याचं आणि नाव त्या नटव्याचं! घरातल्या थोरल्या सुनेसारखी गत झालीय बिचाऱ्याची." यावर आतून पेंटरच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा आवाज यायचा, "थोरल्या सुनेला पाणी तरी विचारा कुणी." सगळे हसायचे. पाणी मात्र त्याच आणून द्यायच्या.

दादाचं रविवारचं जेवण वहिनींच्या हातचं. माझ्या स्वयंपाकाबद्दल तो कधी तक्रार करत नसे, पण तिथून आला की दोन दिवस त्याच्या चेहऱ्यावर तेज असायचं. त्या त्याला भाऊजी म्हणत, त्याच्या शर्टाचं बटण तुटलेलं दिसलं तर अंगावरच लावून देत. मला खरं सांगायचं तर हेवा वाटायचा. दादाला संसार नव्हता असं लोक म्हणतात. होता, आठवड्यातून एक दिवस होता.

वर्षातून एकदा शहराबाहेरच्या धावपट्टीवर विमानांची प्रात्यक्षिकं होत. चौघे जण जत्रेला निघाल्यासारखे दुर्बिणी, सतरंजी, पाण्याच्या बाटल्या घेऊन जात. आत तिकिटाच्या मंडपात नाही. धावपट्टीच्या टोकाला, तारेच्या कुंपणाबाहेर एक उंचवटा होता, तिथून विमान डोक्यावरून जाई. आणि तिथे एक नियम होता. विमानाची चाकं जमीन सोडतात तेव्हापासून पुन्हा टेकेपर्यंत कुणी बोलायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही, नजर खाली आणायची नाही. बेकरीवाल्याने एकदा बडबडून एका जुन्या इंजिनाचा आवाज सगळ्यांना चुकवला होता, त्यावरून पेंटरने हा कायदा केला. मोडेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आवाज सगळ्यांत मोठा पेंटरचा आणि मौन सगळ्यांत कडक तेही पेंटरचंच. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. चार पिकलेली माणसं आभाळाकडे तोंड करून गप्प उभी राहिलेली बघून मला हसू आवरेना. चहाचा भुर्दंड भरून परत आले, पुन्हा गेले नाही.

त्या वर्षी हरिकेन येणार होतं.

कुणीतरी दूरदेशी भंगारातून उचलून, वर्षानुवर्षं खपून ते पुन्हा उडतं केलं होतं. पेंटरने जन्मात फक्त फोटोत पाहिलेलं. बातमी आल्यापासून त्याला अन्न गोड लागेना. लहान मुलासारखा रोज दादाच्या कारखान्यात येऊन जबड्यांच्या मध्ये बसायचा आणि म्हणायचा, "बत्तिशी, आता हात जोडायची तयारी ठेव. कुबडं म्हणालास ना?" दादा मेणात दात रोवता रोवता म्हणायचा, "आधी उडू तर दे."

ते उडलं. पुढचं मला दादाने सांगितलं, पण लगेच नाही, फार उशिरा.

विमान उठलं आणि दादाची सगळी हुशारी गळून पडली. फोटोत पोक दिसतं, म्हणाला, हवेत पोक दिसत नाही. जड, मजबूत, आपल्याच वजनावर भरवसा असलेलं असं काहीतरी डोक्यावरून गेलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. विमानाने दूर जाऊन वळण घेतलं. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. पेंटरचा. दादाला वाटलं, हा आता मिरवणार. "बघ माझं कुबडं" म्हणून डिवचणार, आपणच केलेला नियम आनंदाच्या भरात मोडणार. आणि विमान तर पुन्हा समोरून येत होतं. दादाने वर बघता बघताच खांदा झटकला. हात पुन्हा आला, या वेळी शर्टाला धरून. दादाने पुन्हा झटकला, जरा जोरात. मग हात आला नाही.

विमान टेकलं. दादा वळला तो हसत, "हरलो रे पेंटर" म्हणायला. पेंटर कुंपणाच्या खांबाला टेकून बसला होता. डोळे उघडे, तोंड वर आभाळाकडे. तोंडातून शब्द काढला नव्हता त्याने. काढता येत नव्हता की नियम पाळत होता, हे आता कोण सांगणार?

कुंपणाच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू जावी इतक्या अंतरावर, रुग्णवाहिका उभी होती. प्रात्यक्षिकं असली की असतेच. तिच्यातला डॉक्टर तारांमधून वाकून आला, नाडी बघितली आणि म्हणाला, "थोडं आधी कळलं असतं तर..." तेवढंच म्हणाला. पण तो "तर" दादाच्या घशात जो अडकला तो अडकलाच.

बेकरीवाल्याने आणि पोस्टमनने काही पाहिलं नव्हतं. त्यांच्याही नजरा वरच होत्या. ते वहिनींना म्हणाले, "एका क्षणात गेला. हरिकेन बघत बघत गेला, असं मरण मागून मिळत नाही." दादा शेजारी उभा होता. त्याने मान डोलावली.

नंतर रविवारची बैठक मोडली, पण दादा जात राहिला. जायलाच हवं होतं, वहिनींनी बोलावलं होतं. त्या जेवायला वाढायच्या आणि दर वेळी तेच विचारायच्या, "भाऊजी, शेवटी काही बोलले का हो? काही खूण केली का?" दादा म्हणायचा, "नाही वहिनी. विमान हवेत होतं ना." मग त्या त्याला आग्रहाने आणखी वाढायच्या. तो खाली मान घालून सगळं संपवायचा आणि घरी येऊन मोरीत ओकायचा. मला वाटलं पोटाचं काही दुखणं आहे. डॉक्टरकडे चल म्हणून मी त्याच्या मागे लागले. माझ्या तोंडाला कंटाळून म्हणा, पण एके दिवशी हातातलं मेण खाली ठेवून त्याने मला सगळं सांगितलं.

मी त्याला गप्प बसायला सांगितलं. हो, मीच. "हे बघ, गेलेला माणूस परत येणार नाही. तिच्या मनाला जो आधार आहे तो कशाला काढून घेतोस? जखमेवर मीठ चोळायला चाललायस का? आणि स्वतःचाही विचार कर. तिने दार लावून घेतलं तर तुला दुसरं आहे कोण?"

"कोणी नाही," दादा म्हणाला. "पण तिच्या हातचं गिळवत नाही गं आता."

पुढच्या रविवारी तो गेला आणि ताटावर बसायच्या आधी सांगून मोकळा झाला. हात कसा आला, कसा झटकला, पुन्हा कसा आला. एकही गोष्ट गाळली नाही. वहिनींनी ऐकून घेतलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. त्याला वाढलं, तो जेवला, हात धुतला. दाराशी आल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊजी, पुढच्या रविवारपासून येऊ नका."

दादाने मला एवढंच सांगितलं आणि वर म्हणाला, "बरोबर आहे तिचं." पण माणूस असा उतरला की मला बघवेना. कवळ्यांमध्ये चुका व्हायला लागल्या. डॉक्टरांकडून परत यायला लागल्या, खालचा जबडा वरच्याशी जुळत नाही म्हणून. या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाची ही गत. माझं डोकं फिरलं. खरं बोलल्याची ही शिक्षा? मी चपला घातल्या आणि तडक वहिनींकडे गेले.

खालची खोली बंद होती. वर वहिनी एकट्याच बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुरू झाले. "तुमचं दुःख मोठं आहे, मान्य. पण माझा भाऊ मरतोय तिकडे. त्याने मुद्दाम केलं का? खोटं बोलला असता तर जन्मभर जेवू घातलं असतं ना तुम्ही?"

"घातलं असतं," त्या म्हणाल्या. "बसा ताई."

मी बसले.

"भाऊजींवर माझा राग नाही. ते सांगत होते ना, तेव्हा मला ते दिसतच नव्हते. हे दिसत होते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आमचं पहिलं मूल. दिवस भरायच्या आधीच माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. हे गच्चीवर होते, वरून कुठलंसं जुनं विमान चाललं होतं. मी कशीबशी जिना चढले. तोंडातून आवाज फुटेना, म्हणून खांद्यावर हात ठेवला. यांनी झटकला. रागाने नाही हो, माशी हाकलावी तसा. मी पुन्हा ठेवला. पुन्हा झटकला. विमान दिसेनासं झालं तेव्हा वळले. मूल वाचलं नाही."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

"नंतर इतके रडले हे, की मला ते सांगवलंच नाही. यांना आठवतही नव्हतं मी हात ठेवलेला. पण त्या वेळी, त्या गच्चीवर, मी मनात म्हणाले होते, तुम्हीही एक दिवस असाच कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवाल आणि तो वळणार नाही. एकदाच म्हणाले ताई. पुढे दोन मुली झाल्या, संसार सुखाचा झाला, मी विसरूनसुद्धा गेले होते. भाऊजी समोर आले की आता मला तेच ऐकू येतं. माझंच बोलणं."

मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "त्यांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांचा मित्र त्यांच्या मनात जसा आहे तसा राहू दे. मी रागावलेय असंच वाटू दे त्यांना."

घरी आले तेव्हा दादा कामाला बसला होता. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, "काय म्हणाली?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण मी म्हणाले, "काही नाही. अजून राग आहे तिचा."

"असणारच," दादा म्हणाला. आणि मेणात पुढचा दात रोवायला लागला. मी त्याच्या मागे उभी होते, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला फार वाटलं. धीर झाला नाही.