धोंडीरामच्या हाताचं म्हणणं

“दुखतंय ते हाताला. मला काय बी झालं नाय.”

धोंडीराम गांगुर्डे हे डॉक्टरला सांगायचा, पाहुण्याला सांगायचा, दिंडोरीच्या स्टँडवर शेजारी टेकलेल्या अनोळखी माणसालाही सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, हात म्हणजे ह्याच्या घरात राहणारा कुणी कटकट्या भाडेकरू आहे. आजारी पडलाय तो, आणि घरमालक या नात्याने धोंडीराम नुसता निरोप पोचवतोय.

हात उजवा होता, आणि साधासुधा नव्हता. एकतीस वर्षं त्या हाताने द्राक्षाची छाटणी केली होती. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजायला इतरांना थांबावं लागे. धोंडीरामची कात्री चालता चालता मोजायची. बारा माणसांच्या टोळीचा तो मुकादम. पुढे तो, मागे टोळी, आणि कात्र्यांची किचकिच अशी की लांबून वाटावं बागेत चिमण्यांची शाळा भरलीय.

गेल्या एप्रिलपासून मात्र त्या हाताने असहकार पुकारला. कोपरापासून अंगठ्यापर्यंत कळ जायची, आणि अंगठा काही केल्या मिटायचा नाही. चहाचा कप डाव्या हातात आला. शर्टाची बटणं बायको लताबाई लावून देऊ लागली, दर बटणामागे एक टोमणा जोडून.

“लग्नात नवरदेवाचीबी एवढी सेवा झाली नव्हती.”

“हाताची सेवा चाललीय. माझी नाय.”

“मग हातालाच सांगा, हळद लावून घे म्हणावं.”

नाशिकला जाऊन तपासण्या झाल्या. हाडाचा फोटो झाला, रक्त झालं, नसांना विजेचे झटके देऊन बघणं झालं. कागद वाढत गेले आणि प्रत्येक कागदावर एकच शब्द: नॉर्मल. धोंडीरामला ह्या शब्दाचा एवढा राग, की कुणी वर्गणी बुडवली तरी तो त्याला ‘नॉर्मल माणूस’ म्हणायचा.

शेवटच्या डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि सरळ सांगितलं, “दुखणं खरं आहे तुमचं. नस तुटलेली नाही, एवढंच हे कागद सांगतात. कधी कधी मनावरचं ओझं शरीर उचलत राहतं. त्यावर बोलून उपचार होतो. मोबाईलवर होतो, इथवर यायलाही नको.”

मुलगी अंजली नाशिकला एका ऑफिसात क्लार्क होती. तिने नाव नोंदवून टाकलं. सहा गुरुवार, दुपारी चार वाजता, मोबाईलवर सई नावाच्या समुपदेशक बाई बोलणार. लताबाईला हे पटलं नाही.

“तीस वर्षं मी बोलतेय. बोलून बरं होणार असतं तर हा माणूस पैलवान झाला असता.”

पण धोंडीरामला घाई होती. दसऱ्यानंतर गोडी छाटणी लागते, म्हणजे जिच्यावर फळ धरतं ती. बागेचे मालक भिकनआबांनी रस्त्यावर मोटरसायकल उभी करून सांगितलं होतं, “धोंडू, दसऱ्यापर्यंत हात नाय चालला तर पेठकडची टोळी सांगावी लागंल बाबा.” आवाजात दुष्टावा नव्हता. बाग कुणासाठी थांबत नाही, हे धोंडीरामनेच आबांना शिकवलं होतं. पण एकतीस वर्षं ज्या बागेत पहिली काडी आपण कापली, तिथे दुसऱ्याची कात्री चालणार, ह्या विचाराने त्याचं जेवण कमी झालं.

पहिल्या गुरुवारी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली धोंडीराम खाटेवर ताठ बसला, पासपोर्टचा फोटो काढायला बसतात तसा. सई त्याच्या अंजलीएवढीच.

“काका, कसं वाटतंय?”

“बरं.”

“आणि हात दुखतो तेव्हा कसं वाटतं?”

“दुखल्यासारखं.”

सईने हसू दाबलं. चुलीपाशी लताबाईने दाबलं नाही.

दुसऱ्या गुरुवारच्या आधी सईने भावनांची यादी पाठवली. चोवीस शब्द, आणि प्रत्येकापुढे एक गोल पिवळं तोंड. धोंडीराम चष्मा लावून संध्याकाळभर पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “ह्या सगळ्यांना कावीळ झालीय.” त्याच्या वतीने लताबाईने खुणा केल्या: राग, हट्ट, कुरकुर. हट्ट आणि कुरकुर यादीत नव्हते. ते तिने अंजलीला फोनवर सांगून घालून घेतले.

तिसऱ्या गुरुवारी धोंडीरामने हात टेकले. दुखरासुद्धा.

“ताई, हे शब्द आमच्या तोंडचे नाय. आमच्याकडं रोगाची नावं असत्यात.”

“मग तीच सांगा ना.”

धोंडीराम खुलला. एकतीस वर्षांचं ज्ञान विचारणारी ही पहिलीच बाई. “डावण्या म्हंजे राग बघा. रात्रीत येतो, सकाळी पान जळालेलं. भुरी म्हंजे काळजी. पांढरी पूड असते, पुसली की जाते, दुपारून परत हजर. करपा म्हंजे दुसऱ्याचं बघून जळणं. पानाला भोकंच पाडतो.”

सई भराभर लिहून घेत होती. “आणि तुमच्यावर ह्यातलं काय पडलंय?”

धोंडीरामने डाव्या हाताने उजवा अंगठा चोळला. अंगणातली कोंबडी आत आली, इकडेतिकडे बघून बाहेर गेली, तरी तो चोळतच होता. मग म्हणाला, “ह्यातलं नाय. माझा घड जिरलाय.”

“म्हणजे?”

“डोळ्याच्या आत घड तयार असतो, ताई. बाहेर यायच्या टायमाला आभाळ भरून आलं, चार दिवस ऊन नाय मिळालं, की तो आतल्या आत जिरतो. मग तिथनं नुसती बाळी निघते. बारीक तार असते. कशाला तरी धरायला बघते आणि हवेत चाचपडत राहते.”

“कधी जिरला, काका?”

“एप्रिलात.”

आणि मग त्याने ते सांगितलं, जे लताबाईलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. शेततळ्याकडे आबांची थॉमसन जातीच्या द्राक्षांची दोन एकर बाग होती. बावीस वर्षांपूर्वी तिचे खड्डे धोंडीरामने घेतले, खुंट लावले, आणि भर पावसाळ्यात छत्री मानेत धरून प्रत्येक खुंटावर कलम स्वतःच्या हाताने बांधलं. कलम धरलं की तो त्या वेलाला “ये बाबा” म्हणायचा. गेल्या एप्रिलात आबांनी ती बाग काढायची ठरवली. नव्या जातीची रोपं लावायची होती. तोडायचं काम अर्थातच धोंडीरामच्या टोळीला. तीन दिवसांत त्याने तारांवरनं वेल उतरवले, खोडं कापली. चौथ्या दिवशी सकाळी अंगठा मिटला नाही.

“तेव्हा रडलात का?”

“बाग मालकाची. मी रडायचं कशाला?” धोंडीराम म्हणाला, आणि हाताकडे असा बघत राहिला, की जणू हातानेच कुठेतरी चुगली केली आहे.

लताबाईने त्या दिवशी बटणं लावताना टोमणा मारला नाही. धोंडीरामला काळजीच वाटली.

चौथा गुरुवार आला. दसरा दोन दिवसांवर. सई म्हणाली, “आज समोर एक रिकामी खुर्ची ठेवू. त्यात आबा बसलेत असं समजा आणि जे पोटात राहिलं ते बोला. खरे आबा नाहीत, त्यामुळे कामाची भीती नाही.”

घरात खुर्ची एकच, लाल प्लॅस्टिकची. ती समोर ठेवली. आबा तीत बसलेत असं मनात आणल्याबरोबर धोंडीराम खाटेवरून उतरला आणि जमिनीवर बसला.

“काका, खाली का बसलात?”

“सवय.”

सई म्हणाली, “वर बसा. घर तुमचं आहे.”

तो खाटेच्या कडेवर टेकला. खुर्चीकडे पाहिलं. घसा साफ केला. “आबा...” खुर्ची जरा सरळ केली. “चहा घेणार का?”

लताबाईला राहवलं नाही. पिठाचे हात तसेच घेऊन ती पुढे आली. “सरका, ह्यांच्यानं नाय व्हायचं, नेट संपून जाईल. काय हो आबा! बावीस वर्षं माझ्या माणसानं तुमच्या वेलीला लेकरासारखं केलं. अंजलीच्या तापात हे घरी नव्हते, तुमच्या बागेत पंप घेऊन होते! आणि तोडायलाबी ह्यांनाच सांगितलं? खाटकाला तरी दुसऱ्याचं बोकड देत्यात! दिवाळीला अर्धा किलो फरसाण दिलं की झालं का?”

“काकू, काकू, ही काकांची वेळ आहे,” मोबाईलमधून सई विनवत होती.

“त्यांची वेळ मीच खर्च करते, ताई, लग्नापासून!”

ह्या गदारोळात रस्त्यावरचा मोटरसायकलचा हॉर्न कुणी ऐकला नाही. भिकनआबांनी दोनदा वाजवला. एरवी एका हॉर्नला धोंडीराम रस्त्यावर हजर असे. एकतीस वर्षांत आबांना ह्या उंबऱ्याच्या आत यायची वेळच आली नव्हती. आज आली. ते वाकून दारातून आत शिरले, टोपी सावरली, समोर रिकामी खुर्ची दिसली, आणि बसले.

लताबाईचं ‘फरसाण’ तोंडातच राहिलं. पिठाच्या हाताने तिने पदर डोक्यावर ओढला. पदर पांढरा झाला.

“कुणाशी भांडत होतीस गं, लता?”

“खुर्चीशी,” लताबाई म्हणाली. खोटं बोलली असं कुणाला म्हणता आलं नसतं.

सईला मोबाईलमध्ये एवढंच दिसलं, की कुणीतरी खुर्चीत येऊन बसलं. तिला वाटलं, काकांनी सरावासाठी शेजारी बोलावला. ती खूश झाली. “छान केलंत, काका! समोर माणूस असला की सोपं जातं. आता हे आबाच आहेत असं समजून बोला.”

“समजून म्हंजे?” आबा पिठाच्या डब्याला म्हणाले. “मी आबाच हाय.”

  मग सईचा आवाज हळू आला, “काका, आज नाही बोललात तरी चालेल. कसलीच जबरदस्ती नाही.”

आबांना काही कळलं नाही. ते आपल्या कामाचं बोलले. “धोंडू, इचारायला आलो. हाताचं काय? सोमवारी छाटणी धरायची म्हणतो. पेठवाल्यांना आज हो-नाय सांगायचंय.”

आता बोललं तर काम जाणार, आणि नाही बोललं तर हात जाणार. धोंडीराम खाटेवरून उतरायला लागला. एक पाय जमिनीला लागलाही होता. तो त्याने परत वर घेतला आणि मांडी घालून बसला, आपल्याच घरात पाहुणा आल्यासारखा अवघडून.

“आबा, ती तळ्याकडची बाग.”

“तिचं काय?”

“तोडायच्या आधी मला एकदा इचारायला पायजे होतं.”

आबांनी खुर्ची पुढे ओढली.

“तोडू नका म्हणलो नसतो. बाग तुमची. पर इचारलं असतं, तर मी एक दिस नुसता फिरून आलो असतो तिच्यातनं. कात्री न घेता.” धोंडीरामचा आवाज फाटला, मोठा झाला. “तुम्ही सांगितलं, सोमवारी तोडायला घे. जसं काय वेलीवरची नको असलेली फेलफूटच काढायची हाय!”

आणि तो रडला. चांगला रडला, खांदे हलवून. लताबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं, त्यामुळे तेही पिठाने पांढरं झालं.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तवाच का नाय बोललास?”

“तुम्ही रस्त्यावरच असता. हॉर्न वाजवून जाता.”

“मला तरी कुणी इचारलं, धोंडू?” आबा छातीच्या खाली हात दाबत म्हणाले. “पोरानं नर्सरीत रोपं सांगून ठेवली, मग मला सांगितलं. तवापासून हितं आग होते. दोनदा नळी घालून बघितलं, काय सापडंना. डॉक्टर म्हणतो...”

“नॉर्मल?” लताबाईने विचारलं.

“तुला कसं माहीत?”

लताबाईने मोबाईल उचलून आबांच्या हातात ठेवला. “घ्या. ह्या ताईंशी बोला. आधी विचारतील, कसं वाटतंय. बरं म्हणू नका, उगाच एक गुरुवार जातो.”

“अहो काकू, आबांची नोंद वेगळी करावी लागेल,” सई म्हणत होती, पण आबांनी मोबाईल तोंडापाशी धरला होता, सभेत माईक धरतात तसा, आणि तिला फक्त मिशी दिसत होती.

धोंडीराम उठला. खुंटीवरची कात्री काढली.

“मग सोमवारी?” आबांनी मान वर करून विचारलं. नंतर थांबले.  “का... तूच सांग. कधी धरायची?”

धोंडीरामने दारातून आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेला, हरसूलच्या अंगाला, ढग होते.

“सोमवारी नाय. आभाळ हाय. बुधवारी धरू.”

“बरं. बुधवारी.”

“तळ्याकडं जाऊन येतो. ती नवी रोपं अजून बघितली नाय मी.”

तो उंबरा ओलांडून बाहेर पडला. कात्री उजव्या हातात होती. अंगठा पुरता मिटला होता की नाही, हे पाठीमागून कळत नव्हतं. तो शेताच्या वाटेला लागला, घाई न करता. लताबाई दाराच्या चौकटीला धरून पाहत होती. लाल खुर्चीत आबा मान वाकडी करून पाहत होते; आणि त्यांच्या हातातला मोबाईल नकळत दाराकडे वळला होता, त्यामुळे नाशिकमध्ये बसलेली सईही पाहत होती, ज्वारीच्या पलीकडे लहान होत जाणारा एक पांढरा सदरा.