गारवा, गारा आणि प्राजूचा साखरपुडा

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला व्याह्यांकडची मंडळी हेल्मेट घालून आली. तीसुद्धा मोटारीतून!

त्यांचा काही दोष नव्हता. दोष एका अक्षराचा होता आणि ते अक्षर मी खाल्लं होतं. मी, म्हणजे कोल्हारात उभा जन्म मराठी शिकवण्यात घालवलेला मास्तर! नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी 'आशिर्वाद' लिहिलं, की वाढदिवस बाजूला ठेवून मी आधी त्यातली 'शि' दीर्घ करून घेतो. (अलीकडे मला वाढदिवस कळवतच नाहीत.)

मे महिना संपत आला होता. ऊन असं, की अंगणातल्या लिंबाखाली कोंबड्याही चोची उघडून बसायच्या. आणि प्राजूचा हट्ट, साखरपुडा घरच्या अंगणातच! "मी वाढले तिथंच होऊ दे ना, पप्पा. त्या शिर्डीच्या एसी हॉलमध्ये मला परक्यासारखं वाटेल." तिकडे भिंगारच्या विहीणबाईंना काळजी, की त्यांच्या सासूबाई, म्हणजे नवरदेवाची आजी, उन्हात घेरी येऊन पडल्या तर? शेवटी तह झाला. ऊन उतरलं तर आमचं अंगण, नाही तर शिर्डीचा हॉल.

"पप्पा, हवेकडं तुम्ही लक्ष ठेवा हं," प्राजू म्हणाली. लेकीनं एवढ्या विश्वासानं काही सोपवलं की बापाची छाती फुगायचीच. मी पेपर, टीव्ही, मोबाईल आणि आभाळ आळीपाळीनं बघायला लागलो.

आणि ऐन दिवशी सकाळी अंदाज आला! पश्चिमेकडून गार वारे, दुपारनंतर तापमानात घट, पाऊस नाही. मला नाचावंसं वाटलं. (थोडा नाचलोही. दूधवाल्यानं पाहिलं.) लगेच दोन्ही घरांच्या ग्रुपवर लिहायला घेतलं, 'आज दुपारनंतर गारवा! निर्धास्त या! कार्यक्रम अंगणातच!' पण 'गार' एवढं लिहिलं की मोबाईल पुढचे शब्द सुचवतो. माझा अंगठा जाड आणि चष्मा देव्हाऱ्यापाशी. तेव्हा प्रत्यक्षात गेलं ते असं, 'आज दुपारनंतर गारा! निर्धास्त या! कार्यक्रम अंगणातच!'

एवढं पुण्यकर्म करून मी मोटारसायकलला किक मारली आणि हार आणायला शिर्डीला निघालो. वाटेत व्याह्यांचा फोन.

"सर, अंदाज पक्का आहे ना?"

"पक्का! सरकारी आहे!"

"मग कार्यक्रम... आत घेणार ना?"

"छे हो! मोकळ्यावर! त्यातच तर मजा आहे!"



"अहो पण आमची आई... तिला सोसेल का?"

"सोसेल? त्यांना तर मी सगळ्यात पुढं बसवणार! डोक्यावर पदरसुद्धा घ्यायला लावू नका!"

फोन कट झाला. मला वाटलं, रेंज गेली.

हार घेऊन परत येतो तर अंगणात मंडपच नाही! नुसते बांबू उभे. खुर्च्या गोठ्यात, गोठ्यातल्या म्हशी रस्त्यावर, आणि आमचे थोरले बंधू नाना कमरेवर हात ठेवून माझी वाट बघत उभे.

"नाना, मंडप कुठाय?"

"कांद्यावर."

"कांद्यावर?"

"मंग! समदा कांदा खळ्यावर उघडा पडलाय. मंडपवाला म्हनला, गारानं माजं नवं कापड फाटंल. मी म्हनलं, वर बांधून फाटन्यापरीस माज्या कांद्यावर घाल! पर सदा, एक सांग. गारा पडनार, अन निर्धास्त या? मास्तरकी करून डोकं फिरलं का काय तुजं?"

"कसल्या गारा?"

प्राजूनं मोबाईल माझ्यापुढं धरला. तिचे डोळे भरले होते. "पप्पा, यातला 'वा' कुठं गेला?"

मी खरोखरच अंगणात इकडेतिकडे बघितलं. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"वा मास्तर, वा!" आमच्या सौ. कडाडल्या. "आता मी तो दोनदा म्हणून काय उपयोग? सकाळी तुम्ही एकदाच लिहायचा होता!"

मी व्याह्यांना फोन लावला. बंद! विहीणबाईंचा लावला. बंद! मंडळी शिर्डीच्या हॉलकडे गेली, हे उघड होतं. प्राजू पायरीवर बसून गजरा सोडायला लागली. तेवढ्यात फाटकाशी मोटारी थांबल्या. दारं उघडली आणि एकामागून एक हेल्मेटं बाहेर आली. सगळ्यात पुढं आजी! नऊवारी, नाकात नथ, डोक्यावर नातवाचं काळंभोर हेल्मेट आणि हातात स्टीलचा डबा.

"आम्ही हॉलकडेच जाणार होतो," विहीणबाई दमून म्हणाल्या. "पण ह्या ऐकतील तर ना! हॉलवर कळवू नये म्हणून आमचे सगळ्यांचे फोन बंद करून काढून घेतले."

"का म्हून जायाचं हॉलात?" आजी कडाडल्या. "गारा पडनार, अन आमी काचंच्या घरात बसायचं? ल्हानपनी लई येचल्या. आता दात न्हाईत तर चोखीन! कुठायत गारा, मास्तर?"

मी हात जोडले. "आजी, गारा नाहीत. नुसता गारवा आहे. माझं एक अक्षर राहिलं."

आणि त्याच वेळी पश्चिमेकडून, संगमनेरच्या बाजूनं वारं सुटलं. दिवसभर तापलेलं अंगण बघता बघता निवलं. मध्ये मंडपाचा अडथळा नव्हताच, त्यामुळे वारं थेट आजींच्या नथीपर्यंत पोचलं. त्यांनी हेल्मेट काढून सुनेच्या हातात दिलं, डोळे मिटले आणि गोठ्यातून आणलेल्या खुर्चीत ऐसपैस टेकल्या. "न्हाई पडल्या तर न्हाई. हवा लई ग्वाड हाय. पोरीला बोलवा!"

उघड्या आभाळाखाली प्राजूच्या हातात साखरेचा पुडा ठेवला गेला. अंगठी घालताना ती अशी हसत होती, की मला भरून आलं. पेढे आजींनी गारा वेचायला आणलेल्या डब्यातूनच वाटले.

परवा विहीणबाईंनी ग्रुपवर विचारलं, 'लग्न थंडीत धरू या. सर, तुम्हाला मान्य?'

या वेळी मी हुशारीनं वागलो. चष्मा लावला, पुसला, एकच शब्द टाकला आणि खाली हात जोडल्याचं चित्र. मिनिटभरात स्वयंपाकघरातून किंकाळी आली.

हात व्यवस्थित जोडलेले होते. वर लिहिलं होतं, 'अमान्य'.