पुण्याची सीट

सोनाळ्यात सायकली दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो क्वचितच बघतो. कोणी काही विचारलं की आधी हातातलं काम संपवतो, मग एका वाक्यात उत्तर देतो.

मी दर रविवारी सायकलने शेगावला जायला लागलो, तेव्हा अर्ध्या वाटेतच बसवेनासं व्हायचं. त्याच्याकडे जाऊन मऊ, जाड सीट मागितली.

"मास्तर, गादी झोपाले असते," तो म्हणाला.

त्याने मला ओल्या वाळूवर बसवलं, उठवलं आणि उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर बोटांनी मोजलं. मग स्वतःच्या सायकलची जुनी चामडी सीट काढून माझ्या सायकलला लावली.

"अन् तुमचं?"

"मले कुठी जा लागते?"

त्या सीटवर मी शेगाव गाठलं, परतही आलो. तो मात्र सायकल हातात धरून दुकानी पायी येऊ लागला.

पुढे शेगावचे काही सायकलस्वार आमच्या शाळेत आले. भारी सायकली, भारी कपडे. हवा भरायला मीच म्हाताऱ्याला बोलावलं होतं. एकाने माझ्या सीटवर हात फिरवून विचारलं, "कुठून घेतली?"

"पुण्याहून मागवली," मी म्हणालो.

म्हातारा दोन हातांच्या अंतरावर होता. त्याचा पंप थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सीट काढून त्याच्या दुकानात नेली आणि त्याच्यासमोर धरली. त्याने हातातलं पंक्चर पुरं केलं.

"पुण्याची चीज मी काऊन घेऊ, मास्तर?"