जगाच्या मधोमध चिचगड

भाऊबीजेला बहिणीकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, हे मला ठाऊक होतं. तिच्यासाठी नकाशा नेऊ नये, हे कळायला मात्र थेट चिचगडपर्यंत जावं लागलं.

मी गोंदियाच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. वर्गाच्या भिंतीवर जगाचा जुना नकाशा आहे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो, आणि दरवर्षी एखादा मुलगा विचारतो, "सर, इतक्या मोठ्या देशात लोक काऊन नाही राहत?" मग माझं सुरू होतं. पृथ्वी गोल, कागद सपाट. गोलाची साल कागदावर दाबून बसवायची तर ती कुठे तरी ताणावी लागणार, नाही तर फाडावी लागणार. नकाशा काढणारा फक्त एवढंच ठरवू शकतो, की काय वाचवायचं आणि काय बिघडवायचं. भिंतीवरच्या नकाशानं होकायंत्राची दिशा वाचवली आहे, कारण तो जहाजाच्या कप्तानासाठी काढलेला. दोन बंदरं सरळ रेषेनं जोडायची, तोच एक कोन धरून जहाज हाकायचं, की बंदर येतं. त्यापायी ध्रुवाकडचे देश फुगले. कोणाची जमीन किती हे तोलायचं असेल तर दुसरा नकाशा, त्यात क्षेत्रफळं खरी आणि आकार वेडेवाकडे. एकट्या हिंदुस्थानसारखा देश काढायचा तर पृथ्वीला कागदाची निमुळती टोपी घातली अशी कल्पना करायची. या सगळ्या प्रकारांना प्रक्षेपणं म्हणतात. मुलं घोकतात आणि मी मनातल्या मनात मिशीवर ताव देतो. मिशी मला नाही, तो भाग वेगळा.

यंदाचं जाणं ठरलं ते धाकट्या भावामुळे. युद्ध संपलं, जहाजं मोकळी झाली आणि आमचा बापू शेतकी शिकायला अमेरिकेत कॅन्सास नावाच्या मुलखात गेला. घरी सात पिढ्या धान पिकवला, हा गहू शिकायला गेला. पोळ्याच्या सुमारास पोचल्याचं पत्र आलं आणि त्यानंतर काही नाही. मी म्हणायचो, समुद्रावरचं टपाल आहे, वेळ लागतो. पण चिचगडची आमची थोरली बहीण, जिला आम्ही बाई म्हणतो, तिच्यापुढे हे चालत नाही. आई गेल्यावर बापूला तिनंच कडेवर वाढवलं. त्याच्याविना ही तिची पहिलीच भाऊबीज. भाऊ दूर असला की बहीण चंद्राला ओवाळते, तसं ती त्याच्यासाठी ओवाळणार होती. तिनं देवरीच्या माणसाबरोबर निरोप धाडला: "नाना, यंदा तू यायलाच पायजे. चंद्र बुडायच्या आत ये."

मी ठरवलं, बाईला बापू नेमका कुठे आहे ते दाखवायचं. त्यासाठी एक खास नकाशा काढला. त्यात चिचगड मध्यभागी. अशा नकाशात मधल्या ठिकाणापासून कुठल्याही गावाची दिशा आणि अंतर अगदी खरं येतं, बाकी कडेच्या देशांचं वाटोळं होतं. विमानं उडवणारे आणि बिनतारी संदेश पाठवणारे हे नकाशे वापरतात. आपल्याला यातलं काही करायचं नव्हतं, तरी मी दसऱ्याची सगळी सुट्टी त्यात घातली.

"अहो, त्यांना लुगडं न्या," घरातून सूचना आली.

"लुगडं कुणीही नेतं."

"म्हणूनच न्या."

मी विद्वान माणसासारखा हसलो आणि नकाशाची गुंडाळी करायला लागलो.

पाडव्याच्या सकाळी गोंदियाहून कोहमाऱ्याची सर्व्हिस मोटर धरली. तुम्हाला जायचं असेल तर पहिला सल्ला हा, की मोटरच्या मागे बसू नका. पेट्रोल अजून कुपनावर आहे, म्हणून गाडी कोळशाच्या गॅसवर चालते. ती भट्टी मागेच बांधलेली असते. मागे बसणारा गोरा निघाला तरी काळा उतरतो. मी पुढची जागा मिळवली, पण ड्रायव्हर गुंडाळीकडे बघत म्हणाला, "मास्टरजी, ये बोरिया-बिस्तर छत पे डालो."

"बिस्तर नहीं है, दुनिया का नक्शा है."

"तो दुनिया छत पे डालो. यहाँ पैर रखने को जगह नहीं."

मी दुनिया मांडीवर घेतली. गोरेगावच्या पुढे चढावावर गाडी दमली, तेव्हा सगळ्यांबरोबर उतरून मीही एका हातानं धक्का मारला. दुसऱ्या हातात जग होतं. कोणत्या हाताचा धक्का लागू पडला कळलं नाही, पण गाडी चालली.

कोहमारा म्हणजे नागपूर-रायपूरचा मोठा रस्ता ओलांडायचा नाका. दोन-तीन हॉटेलं, मालाच्या मोटरी, बैलगाड्यांची रांग. इथे भजी गरम मिळाली तर खा, चिवडा मात्र तपासून घ्या. साखर मोजून मिळते म्हणून चहा गुळाचा होता आणि तो मला आवडला. पुढची मोटर दुपार उलटल्यावर आली. देवरीला ओळखीच्या एका व्यापाऱ्याच्या पडवीत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी चिचगडला जाणारी रेंगी, म्हणजे हलकी बैलगाडी, मिळाली. इथून पुढे रान आहे. साग, मोह, टेंभुर्णी, मधून मधून पिवळे पडलेले धानाचे बांध. रस्ता म्हणजे दोन चाकोऱ्या. पाठीखाली घोंगडी घ्याच, हा दुसरा सल्ला.

गाडीवाला डोमाजी चिचगडचाच शेतकरी होता. भाऊबीजेपासून या भागात मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायला लागते आणि रात्रभर दंडारीचा खेळ चालतो. त्याला तो चुकवायचा नव्हता, म्हणून बैल धावत होते.

"कोनता कागद हाय जी तो?"

मी नकाशा उलगडला. मधल्या ठिपक्यापासून रेघा आणि त्याच्याभोवती वर्तुळं.

"कोळ्याचं जाळं हाय का?"

"नाही. जग आहे. हा मधला ठिपका चिचगड."

त्यानं बैल उभे केले. वाकून बघितलं. "आपलं चिचगड मधात?"

"हो."

"मंग बराबर हाय नकाशा," तो म्हणाला आणि बैल हाकले. इतकी झटपट पसंती मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. दक्षिण अमेरिका कडेला पोळीसारखी ताणली गेली होती, पण त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

दिवस कलायला घर आलं. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, पाट मांडलेला. भाऊजी ओट्यावर बसून शिंगाडे सोलत होते. बाई बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि तिची नजर क्षणभर माझ्या मागे गेली. मागे कोणी नव्हतं. "आला ना गा," एवढंच म्हणाली.

सूर्य मावळताच तिनं मला ओवाळलं. मी ताटात नकाशा ठेवणार होतो, पण तो ताटात मावेना. मग "थांब, आधी चंद्राचं होऊ दे," असं म्हणत ती अंगणाच्या टोकाशी गेली. पश्चिमेला, टेकडीच्या थोडं वर, द्वितीयेची बारीक कोर निघाली होती.

"हे बरं झालं," बाई म्हणाली. तिनं निरांजनातली वात सारखी केली. "चंद्र बी पश्चिमेले, अन् बापूची अमेरिका बी तिकडच. शाळेतल्या नकाशात डाव्या अंगाले हाय ना? एका दिव्यात दोघंबी होतात."

इथे कुठल्याही शहाण्या माणसानं हो म्हटलं असतं.

मी म्हणालो, "नाही बाई. बापू तिकडे नाहीच. तो उत्तरेला आहे."

"आमचे बुवा तं सांगत, अमेरिका पाताळात हाय म्हणून," भाऊजी ओट्यावरून म्हणाले. "म्हणजे खाली."

"तेही एका अर्थी खरं आहे," मी म्हणालो, आणि माझं सुरू झालं. नकाशा अंगणात पसरला, चार कोपऱ्यांवर शिंगाडे ठेवले. मधून उत्तरेला रेघ दाखवली. बाईला पटेना. म्हणाली, भिंतीवरचा नकाशा सरकारनं छापला, हा तू घरी काढला. तेव्हा मी स्वयंपाकघरातून भोपळा आणला. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. अंगावर कोळशानं चिचगडचा ठिपका, पलीकडच्या बाजूला बापूचा. "आता या दोन ठिपक्यांमध्ये दोरा ताणून धरा भाऊजी, सगळ्यात जवळचा रस्ता कळेल." दोरा ताणला. तो विलायतेकडे गेला नाही, आफ्रिकेकडे गेला नाही, सरळ देठावरून गेला.

"बघ! ध्रुवावरून! बापूकडे तोंड करायचं तर उत्तरेला करावं लागतं."

"नाना," बाई म्हणाली, "चंद्र बुडून राहिला."

"एकच मिनिट. मग भिंतीवरचा नकाशा असा का दाखवतो? तर तो कप्तानासाठी आहे..."

"कायले सांगून राहिला गा आता तिले हे?" भाऊजी दोरा सोडून उठले. पण मी ग्रीनलंडला पोचलो होतो, आणि ग्रीनलंडहून मला आजवर कोणी लवकर परत आणू शकलेलं नाही.

मी मान वर केली तेव्हा बाई आरतीचं ताट हातात घेऊन टेकडीकडे बघत होती. टेकडीवर काही नव्हतं.

"बुडला," ती म्हणाली.

तिनं मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. ती फक्त ताट धरून उभी राहिली आणि निरांजनाच्या उजेडात तिची हनुवटी हलताना मला दिसली. दोन महिने भावाचं पत्र नाही, आणि त्याच्यासाठी वर्षातून एकदा करता येणारी एक गोष्ट मी भोपळा दाखवून घालवली होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी कोळशाचे हात धोतराला पुसत राहिलो.

"गेला कुठं मंग?" तिनं हळूच विचारलं. मला नाही, टेकडीला विचारल्यासारखं.

मी भोपळ्याकडे बघितलं. चिचगडचा ठिपका एका अंगाला, बापूचा बरोबर उलट्या अंगाला. आयुष्यात पहिल्यांदाच मी एका वाक्यात भूगोल सांगितला.

"बापूकडे गेला, बाई. इथे बुडतो तेव्हा तिकडे उगवायच्या बेतात असतो."

"खरं का रीत म्हणून सांगून राहिला?"

"खरं. तिकडे आत्ता सकाळ आहे."

तिनं पदर सावरला, टेकडीच्या त्या रिकाम्या जागेकडे तोंड केलं आणि सावकाश ओवाळलं. तोंडानं काही म्हणत होती, मला ऐकू आलं नाही. दिवा खाली ठेवताना तिचा चेहरा मोकळा झाला होता. मी रडलो. भाऊजींनी तिकडे न बघता शिंगाडे गोळा केले.

ओवाळणी घालायला मी पेटी उघडली, तेव्हा माझ्या सदऱ्यांखाली हिरवं लुगडं घडी करून ठेवलेलं सापडलं. घरातल्या माणसांना माझा भूगोल माहीत आहे. बाईनं लुगडं डोळ्यांना लावलं. नकाशा तिनं भिंतीला लावायला सांगितला, चुलीच्या धुरापासून लांब. रात्री जेवायला भोपळ्याची भाजी होती. चिचगड कोणाच्या ताटात आलं ते मी विचारलं नाही.

परतीचा रस्ता तोच, फक्त या खेपेला मांडीवर जग नव्हतं. बाईनं दिलेली नव्या पोह्यांची पिशवी होती आणि ती ड्रायव्हरनं काही न बोलता पुढे ठेवू दिली. जाणाऱ्यांनी परतताना देवरीला एक दिवस जास्तीचा धरावा, मोटर कधी येते याला कोणतंही प्रक्षेपण नाही. शाळा उघडल्यावर ग्रीनलंडवाला प्रश्न पुन्हा आला. एका मुलानं विचारलं, "मग सर, यातला खरा नकाशा कोणता?" मी म्हटलं, आधी तुला कशासाठी पाहिजे ते सांग.

दिवाळी होऊन बरेच दिवस झाल्यावर बापूचं पत्र आलं. मध्ये त्याला ताप होता, आता बरा आहे, म्हणून उशीर झाला. पुढे लिहिलं होतं: "भाऊबीजेला पहाटेच अंघोळ केली आणि बाई ओवाळते आहे असं समजून वसतिगृहाच्या अंगणात स्टुलावर बसलो. आमच्या कॉलेजातल्या भिंतीवरच्या नकाशात हिंदुस्थान पार उजव्या टोकाला आहे, म्हणून पूर्वेकडे तोंड केलं. नाना, तू भूगोलाचा मास्तर. माझी दिशा बरोबर होती का?"

त्याच्याकडूनही चिचगड उत्तरेलाच आहे. ध्रुवावरून. पूर्वेला त्या सकाळी दुसरंच काही तरी वर येत होतं, जे आमच्या टेकडीमागे नुकतंच बुडालं होतं.

मी कागद घेतला, पट्टी घेतली, कंपासपेटीही उघडली. मग कंपासपेटी मिटली आणि लिहिलं: "अगदी बरोबर होती. बाईनंही तिथेच ओवाळलं."

पत्र बंद करून त्याच दिवशी टाकलं. सोबत नकाशा जोडला नाही.