नेकनूर टॉवर

आधीच सांगते, भास, अंगात येणं असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर झापणारी बाई आहे. नेकनूरला आमचं भांड्यांचं दुकान, वडलांनंतर मीच चालवते. आणि हे घडलं ते भर दुपारी, आठवडी बाजाराच्या गर्दीत... म्हणून तर भास म्हणून झटकून टाकायचीही सोय नाही.

धाकटा भाऊ सोमनाथ पायलटचं ट्रेनिंग घेत होता. विमानाला घाबरायचा नाही, पण रेडिओवर विमानतळाच्या टॉवरशी इंग्रजीत बोलायचं म्हटलं की त-त-प-प! मग रोज दुपारी मला फोन. "आक्का, टॉवर हो ना गं." त्यानं लिहून दिलेला कागद गल्ल्यापाशी चिकटवलेला. तो म्हणायचा, "नेकनूर टॉवर, सोमनाथ, रिक्वेस्ट लँडिंग." मी म्हणायचे, "क्लीअर्ड टू लँड." मधेच गिऱ्हाईक आलं तर, "स्टँडबाय." मग पायलटनं "होल्डिंग" म्हणून गुमान वर घिरट्या घालायच्या, टॉवरनं बोलवेपर्यंत.

त्या दिवशी रुखवताची भांडी घ्यायला अख्खं वऱ्हाड आलेलं. "लई गर्दी हाय रे, स्टँडबाय!" म्हणून फोन ठेवला, आणि साफ विसरले. संध्याकाळी होस्टेलवर परतताना त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. जागेवरच गेला.

दीडेक महिना झाला असेल. माझा फोन बॅटरी संपून बंद, घागरींशेजारी पडलेला. एकदम त्यातून खरखर... आणि सोम्याचा आवाज. "नेकनूर टॉवर, सोमनाथ, स्टिल होल्डिंग."

हातातली परात सुटली. समोर पाली गावची एक म्हातारी होती, ती म्हणाली, "कावून बोलंना गं? पोरगं कवाचं बोलायलंय." म्हणजे तिलाही ऐकू गेलं होतं!

परत तेच. आवाज लई दमलेला. आणि मी... दुकानात दहा माणसं, बंद फोनशी कशी बोलू, लोक काय म्हणतील, म्हणून ढिम्म उभी. आग लागो त्या लाजेला! खरखर थांबली तेव्हा भान आलं. फोन तोंडाशी धरून ओरडले, "सोम्या, क्लीअर्ड टू लँड! उतर रे बाळा, उतर!" सगळं दुकान माझ्याकडे बघत राहिलं.

मोबाईलवाला म्हणतो, मेलेल्या बॅटरीतून आवाज येणं शक्यच नाही. नसेल. कसं झालं ते मलाही उमगलेलं नाही, आणि खरं सांगू, त्याची मला फिकीरही नाही. परवानगी मिळाली की पायलटनं तेच शब्द परत म्हणून दाखवायचे असतात, तेव्हाच ती पोचली असं धरतात. मी खूप वेळ फोन कानाला लावून उभी होते. त्यानं काहीच म्हटलं नाही.