नूरजहां चाचीचं पूर्वेचं वारं

आमच्या गावात नूरजहां शिकलगार, म्हणजे चाची, फारशी कुणाला आवडत नाही, पण तिचा बेदाणा सगळ्यांना आवडतो. तासगावच्या सौद्यात तिचा माल उघडला की व्यापारी आधी एकमेकांकडं बघतात. हिरवा, एकसारखा, एक मणी काळपट सापडायचा नाही. मी ग्रामपंचायतीत लिपिक आहे. कुठलाही दाखला द्यायला माळावर गेलो की तिच्या चार शिव्या पोच म्हणून मिळतात.

सत्तावीस वर्षांपूर्वी तिचा नवरा महंमद वारला आणि ती गाव सोडून माळावर गेली. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. लोक हसले. पहिलं वर्षभर तिनं काहीच बांधलं नाही. एका बांबूला जुन्या ओढणीची चिंधी बांधली आणि बारा महिने वारं कुठनं येतंय तेवढं बघितलं. मग त्या अंदाजानं शेड घातली. द्राक्षं जाळीवर पसरली की त्यांना ऊन नको असतं, कोरडं वारं लागतं. गरम झोत बसला की मणी काळा पडतो, आणि काळ्या बेदाण्याला सौद्यात कुत्रं विचारत नाही. ती चिंधी अजून आहे. दर वर्षी एक ओढणी तिच्यापायी फाटते.

मागच्या पावसाळ्यात रविराज नावाचा एक गुळगुळीत माणूस गावात आला. एका कंपनीला डेटा सेंटर बांधायचं होतं आणि त्यासाठी शेडच्या पूर्वेची, सुभेदार तानाजीची तीस एकर हवी होती. तानाजी फौजेतनं परत आल्यापासून त्या खडकाकडं बघून सुस्कारे टाकत होता, तो एका पायावर तयार झाला. ग्रामसभेत रविराजनं पडद्यावर चित्रं दाखवली. सगळ्या जगाचे फोटो, हिशेब आणि भांडणं साठवणारी हजारो मशिनं एका इमारतीत राहणार होती. गुंडा पैलवानानं विचारलं, एवढं मोठं काम पुण्यामुंबईत सोडून आमच्याकडं का? रविराज म्हणाला, इथं जागा सलग आणि स्वस्त आहे, विजेचं मोठं केंद्र जवळ आहे, नदीचा पूर एवढ्या उंचावर चढत नाही, हवा कोरडी आहे.

चाची मागनं म्हणाली, "आणि वरडायला माणसं कमी हायती. मी बी ह्याच कारणांनी आले हुते."

सभा हसली. रविराजही हसला, पण जरा उशिरा.

मग तिनं मुद्द्याचं विचारलं. एवढी मशिनं तापणार, तर तो ताप कुठं सोडणार? रविराज म्हणाला, पूर्वेला, म्हणजे तुमच्या शेडच्या उलट बाजूला. त्यांनी अख्खा ऑगस्ट महिना वारं मोजलं होतं आणि ते पश्चिमेकडनंच येत होतं. चाचीनं कपाळावर हात मारला. ऑगस्टात जाळीवर द्राक्षं नसतात, ती फेब्रुवारी-मार्चात असतात, आणि तेव्हा दुपारपर्यंत वारं पूर्वेचं असतं. मशिनीचा सगळा ताप थेट तिच्या द्राक्षांवर येणार होता. रविराजनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढच्या दोन सभांतही ती हेच बोलली. गुंडानं तोंडावर सांगितलं की एका म्हातारीच्या बेदाण्यासाठी गावाचं नशीब अडवू नये. गावाचं नशीब म्हणजे पहाऱ्यावर बारा माणसं आणि झाडलोटीला सहा. मीही तेव्हा हसलो होतो, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत पायाची आखणी करायला पल्लवी नावाची इंजिनिअर आली. जाळीवर द्राक्षं नुकतीच पसरली होती. चाचीनं तिला सावलीत बोलावलं, चहा दिला आणि नकाशा उलगडायला लावला. पश्चिमेच्या भिंतीला एवढी भोकं कशाला, असं विचारलं. पल्लवी म्हणाली, तिकडनं गार हवा आत घेतो आणि पूर्वेकडनं गरम बाहेर टाकतो.

चाचीनं बांबूकडं बोट केलं. सकाळचे दहा वाजले होते आणि चिंधी पश्चिमेकडं ताठ फडफडत होती.

"पोरी, तू पूर्वेला टाकलेला ताप ह्ये वारं फिरवून परत तुझ्याच भोकात आणणार. तुझ्या मशिनी आपलाच वाफारा पितील."

पल्लवीचा चहा हातातच राहिला. तिनं शेडच्या मागं जाऊन फोन लावला. सूर्य मावळायच्या आत माळावर दोन गाड्या आल्या, आठ दिवसांत नकाशा फिरला. आता गरम हवा उत्तरेला, बंद पडलेल्या खाणीकडं जाणार होती. चाचीचा माल त्या वर्षी नेहमीसारखाच हिरवा निघाला.

एप्रिलात पल्लवी आभार मानायला आली, तेव्हा मीही एका सहीसाठी माळावर होतो. ती म्हणाली की चाचींमुळं कंपनीची मशिनं वाचली.

चाचीनं तिच्या ओंजळीत बेदाणे ओतले. "मशिनीसाठी कोण बोललं हुतं? बेदाण्यासाठी तीन सभा वरडले, एकाचा कान हालला न्हाई. मशिनीला गरम हुतंय म्हटलं, तवा दोन गाड्या आल्या." मग ती माझ्याकडं वळली. "तीन सभा बोलले, त्ये तू लिवलंस न्हवं रं?"

मी व्हय म्हणालो.

कार्यालयात येऊन इतिवृत्ताची वही काढली. तिन्ही सभांच्या पानांवर शेवटी माझ्याच वळणदार अक्षरात एकच ओळ होती : ऐनवेळचे विषय, किरकोळ चर्चा झाली.